पोटात गरम केमो घ्यायची का? त्याआधी सर्जनना काय विचाराल

प्रश्न थोडक्यात असा : आईचं वय ५८. ओव्हरीचा कॅन्सर, स्टेज तीन-सी. पोटात पाणी झालं होतं म्हणून आधी तीन केमो दिल्या. सीए-१२५, म्हणजे आजार किती आहे याचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी, १८४० वरून ६२ वर आली. आता ऑपरेशन ठरतंय. एक डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन संपताना पोटातच गरम केमो फिरवू, म्हणजे आजार मुळापासून जाईल. दुसरे म्हणतात, त्याची काही गरज नाही. ओळखीच्या एका काकूंना काही वर्षांपूर्वी पोटात पोर्ट बसवून केमो दिली होती, ती हीच का? घरात दोन तट पडलेत. काय करावं?

दोघंही डॉक्टर तुम्हाला फसवत नाहीयेत, हे आधी सांगतो. या विषयावर जगभरातल्या डॉक्टरांतही दोन तट आहेत, तुमच्या घरात पडले तर नवल नाही. फक्त ते 'मुळापासून' तेवढं डोक्यातून काढून टाका. तीन-सी स्टेजचा ओव्हरीचा कॅन्सर म्हणजे झाड नव्हे, की बुंध्याशी घाव घातला आणि संपलं. ती हरळी असते. वरून रान स्वच्छ दिसलं तरी कांडी कुठे राहिली ते कळत नाही. तरीही रान नीट खणून काढलं तर पुढची कित्येक वर्षं चांगली जातात, आणि काहीजणींत तो परत येतच नाही. आपली सगळी धडपड त्यासाठी.

हा आजार पोटातच का घुटमळतो ते कळलं की बाकीचं आपोआप समजेल. ओव्हरी किंवा गर्भाशयाच्या बीजनळीच्या टोकापासून सुटलेल्या पेशी पोटातल्या पाण्यात पडतात. ते पाणी एका जागी थांबत नाही. आपण श्वास घेतो तसं ते उजव्या कुशीने वर चढतं, छातीचा पडदा आणि लिव्हर यांच्या मधल्या सांदीत जातं. म्हणून ऑपरेशनला पोट उघडल्यावर आम्ही ओटीपोटाइतकंच लक्ष उजव्या पडद्याखाली देतो. आतड्यांवर चरबीची जी झालर लोंबते, तिच्यात तर या पेशी हमखास रुजतात. पोटाच्या आतलं अस्तर, म्हणजे पेरिटोनियम, पसरून ठेवलं तर जवळपास अंगावरच्या कातडीएवढं भरेल. एवढ्या मोठ्या अस्तरावर दाणे दाणे विखुरलेले असतात. पण बराच काळ आजार या पिशवीच्या बाहेर पडत नाही.

म्हणजे औषध शिरेतून सगळ्या अंगभर पाठवण्यापेक्षा थेट पिशवीतच ओतलं तर? हा विचार नवा नाही. पोटात पाणी होणाऱ्या बायकांना नायट्रोजन मस्टर्ड पोटात सोडण्याचे प्रयोग १९५५ मध्येच छापून आले होते. १९७८ मध्ये अमेरिकेत डेड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचं गणित मांडलं : पोटाच्या अस्तरातून औषध रक्तात हळू झिरपतं आणि रक्तातून मात्र ते पटकन निघून जातं, त्यामुळे पोटात त्याची तीव्रता रक्ताच्या कितीतरी पट टिकते. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाच्या बाबतीत ही पट साधारण दहा ते वीस. पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या औषधाचा रेणू मोठा आणि तेलकट, तो लवकर शोषलाच जात नाही, त्यामुळे तिथे आकडा हजाराच्या घरात जातो.

हजारपट म्हटलं की नातेवाइकांचे डोळे चमकतात. मग मी त्यांना स्वयंपाकघरात नेतो. पोटात सोडलेलं औषध गाठीत किती खोल मुरतं? एक-दोन मिलिमीटर, फार तर तीन. म्हणजे खसखशीएवढा दाणा पूर्ण भिजतो. मोहरीएवढा बराचसा भिजतो. ज्वारीएवढ्या दाण्याचा गाभा कोरडा राहू शकतो. हरभरा किंवा सुपारीएवढी गाठ राहिली असेल तर तिच्या गाभ्याला औषध पोचतं ते रक्तातूनच, पोटात ओतलेल्याचा तिथे उपयोग नाही. 'पोटातलं पाणी सुईने काढताच आहात, तर जाताजाता औषधही सोडा ना' असं दर महिन्याला कोणीतरी विचारतं, त्याचं उत्तरही हेच. पाणी झालंय तेव्हा आत बहुतेक वेळा सुपाऱ्याच असतात.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं. गरम केमो घ्यायची का, या प्रश्नाआधीचा प्रश्न हा, की सर्जन आत काय शिल्लक ठेवणार आहेत.

आता काकूंची केमो. ती वेगळी. त्यात बरगड्यांच्या खालच्या कडेवर, कातडीखाली रुपयाच्या नाण्याएवढी डबी बसवतात, तोच पोर्ट. तिला जोडलेली मऊ नळी पोटात सोडलेली असते. ऑपरेशन झाल्यावर दर तीन आठवड्यांनी त्या डबीत खास सुई टोचायची, अंगाच्या तपमानाएवढ्या कोमट सलाइनमधून औषध आत सोडायचं, साधारण एक लिटर, सोसलं तर वर आणखी एक. मग पेशंटला कूस बदलायला लावायची : डावी, उजवी, पाठ, परत डावी, दर पंधरा मिनिटांनी, म्हणजे औषध कानाकोपऱ्यात पोचावं. आमच्या सिस्टर मोबाइलवर गजर लावून बसायच्या. आत सोडलेलं पाणी परत काढायचं नाही, ते दोन-चार दिवसांत आपोआप शोषलं जातं. तोवर पोट असं तट्ट, की एक आजी म्हणाल्या होत्या, 'डॉक्टर, पाचवं बाळंतपण करताय का माझं?'

या पद्धतीला एकेकाळी फार मोठा मान होता. १९९६ साली ५४६ जणींवरच्या अमेरिकन चाचणीत सिस्प्लॅटिन पोटात दिलेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्म्या जणी ज्याहून जास्त जगल्या तो आकडा) ४९ महिने निघालं, शिरेतून दिलेल्यांचं ४१. २००६ साली दुसरी मोठी चाचणी आली, जीओजी-१७२. तिच्यात मोहरी ते हरभरा, म्हणजे एक सेंटिमीटरपर्यंतच आजार राहिलेल्या बायका घेतल्या होत्या. फरक जवळपास सोळा महिन्यांचा निघाला : ६५.६ विरुद्ध ४९.७. कॅन्सरच्या जगात सोळा महिने ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने तर त्याच महिन्यात सगळ्या डॉक्टरांना उद्देशून खास निवेदन काढलं. मी तेव्हा नुकताच स्वतंत्र काम करू लागलो होतो. आम्हीही उत्साहाने पोर्ट बसवायला लागलो.

मग पंचाईत सुरू झाली. त्या चाचणीतच पोटातल्या सहाच्या सहा केमो पूर्ण करू शकलेल्या बायका फक्त ४२ टक्के होत्या, आणि ती अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांतली गत. आमच्याकडे काय व्हायचं सांगतो. नळीच्या तोंडाशी आतडं किंवा चरबी चिकटायची आणि नळी बंद पडायची. सुईच्या बाजूने औषध कातडीखाली पसरायचं. काहीजणींना गर्भाशय काढलेल्या जागेतून पाणी गळायचं. सिस्प्लॅटिनमुळे उलट्या, किडनीवर ताण, मॅग्नेशियम घसरणं, बोटांना मुंग्या, कानात शिट्ट्या. माझ्या एका पेशंटची डबी तिसऱ्या केमोनंतर पिकली. ती काढावी लागली, आणि त्या गडबडीत पुढची केमो पाच आठवडे लांबली. पोटातून जास्तीचा जो काही फायदा होणार होता, तो त्या पाच आठवड्यांत गेला असं मला आजही वाटतं. पोर्टचा निर्णय माझा होता आणि तो त्या बाईंसाठी चुकला होता. घर दोनशे किलोमीटरवर, मधल्या दिवसांत डबीकडे बघणारं जवळ कोणी नाही, हे मी धरायला हवं होतं.

२०१९ साली या पद्धतीवरचा पडदा बऱ्यापैकी खाली आला. जीओजी-२५२ नावाच्या चाचणीत १५६० बायका होत्या. तीन गट : एक सगळं शिरेतून, दुसऱ्याला कार्बोप्लॅटिन (सिस्प्लॅटिनच्याच कुळातलं औषध) पोटातून, तिसऱ्याला सिस्प्लॅटिन पोटातून. तिन्ही गटांना बेव्हॅसिझुमॅब, म्हणजे गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारं औषध, दिलेलं. आजार परत येईपर्यंतचा काळ अनुक्रमे २४.९, २७.४ आणि २६.२ महिने, म्हणजे संख्याशास्त्राच्या हिशेबाने फरक नाही. यावर वाद घालणारे आहेतच. बेव्हॅसिझुमॅबने फरक झाकला गेला, सिस्प्लॅटिनचा डोस १०० वरून ७५ वर आणला होता, वगैरे. उलट २००६ च्या जुन्या चाचणीवरही आक्षेप होता, की पोटातल्या गटाला औषध एकूणच जास्त मिळालं होतं. नंतर जपानी डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत कार्बोप्लॅटिन पोटातून दिल्यावर आजार थोडा उशिरा परतला, २३.५ विरुद्ध २०.७ महिने, पण आयुष्य वाढलं नाही. मी पोर्ट बसवणं बंद केलं. तेव्हा काकूंना ती केमो मिळाली यात कोणाचं काही चुकलेलं नव्हतं, त्या वेळी तेच योग्य होतं. आज तुमच्या आईला कोणी पोर्ट सुचवला, तर मात्र कारण विचारा.

राहिली गरम केमो. तिला आम्ही हायपेक म्हणतो. ही एकदाच, ऑपरेशन टेबलावर, भूल उतरायच्या आत. सगळा आजार काढून झाला की पोटात नळ्या आणि तपमान मोजणाऱ्या तारा ठेवतात, यंत्रातून गरम केलेलं औषधमिश्रित पाणी आत जातं, बाहेर येतं, परत गरम होऊन आत जातं. ९० मिनिटं. पोटात साधारण ४० अंश सेल्सिअस, म्हणजे सणकून ताप आल्यावर अंग असतं तेवढं. उकळतं पाणी ओततात अशी एका काकांची समजूत होती, ती नसावी म्हणून सांगितलं. उष्णतेने औषध जरा खोल शिरतं आणि सिस्प्लॅटिनमधल्या प्लॅटिनमने पेशीच्या डीएनएची केलेली मोडतोड दुरुस्त करणं पेशीला जड जातं. शिवाय वेळ मोक्याची असते. आतडी नुकतीच सोडवलेली, कुठे काही चिकटलेलं नाही, पाणी सगळीकडे पोचतं. पोर्टमध्ये हेच जमत नव्हतं.

पुरावा? २०१८ सालची नेदरलँड्सची, म्हणजे डच, चाचणी. स्टेज तीनच्या २४५ बायका, सगळ्यांना तुमच्या आईसारख्याच आधी तीन केमो, मग ऑपरेशन. अर्ध्यांना त्याच वेळी गरम सिस्प्लॅटिन, शरीराच्या दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम. मध्यक आयुष्य ४५.७ महिने विरुद्ध ३३.९. दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही फरक टिकला. गंभीर त्रासाचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं : २७ आणि २५ टक्के. एक गोष्ट मात्र नजरेआड करू नका. ज्यांचं आतडं कापावं लागलं, त्यांच्यापैकी हायपेक गटात स्टोमा, म्हणजे पोटावर पिशवी, जास्त जणींना लावली गेली : ७२ टक्के विरुद्ध ४३ टक्के. गरम औषधात न्हालेला जोड टिकेल की नाही, ही सर्जनची धास्ती त्यामागे असणार.

कोरियात १८४ जणींवर झालेल्या चाचणीत एकूण हिशेबात फायदा दिसला नाही. पण ज्यांना आधी केमो आणि मग ऑपरेशन झालं, तेवढ्याच बायका वेगळ्या काढल्या तर त्यांच्यात फायदा दिसला. ज्यांचं थेट ऑपरेशन झालं त्यांच्यात नाही. याचा अर्थ असा, की हायपेकचा जो काही आधार आहे तो बरोबर तुमच्या आईच्या परिस्थितीसाठी आहे : स्टेज तीन, आधी केमो, मधलं ऑपरेशन (म्हणजे काही केमो आधी, उरलेल्या नंतर). आजार परत आल्यावरच्या ऑपरेशनसाठीही फ्रान्सच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत फायदा निघालाय, तो विषय आज आपला नाही.

मग दुसरे डॉक्टर नको का म्हणतात? त्यांच्याकडेही मुद्दे आहेत. डच चाचणी लहान होती आणि भरायला नऊ वर्षं लागली. त्या काळात बीआरसीए जनुकातला दोष शोधून नंतर ओलापॅरिबसारख्या गोळ्या देणं रुळलेलं नव्हतं. या गोळ्यांनी काहीजणींत एवढा फरक पडतो, की गरम केमोचा फायदा त्यावर किती उरेल ते त्या चाचणीतून कळत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सर केंद्रांच्या एनसीसीएन या संघटनेची मार्गदर्शिका मधल्या ऑपरेशनच्या वेळी हायपेकचा 'विचार करता येईल' म्हणते. युरोपातले तज्ज्ञगट तिला प्रमाणित उपचार मानत नाहीत. तेव्हा 'गरज नाही' हे उत्तर चूक नाही. 'न घेतली तर आई गमवाल' हे मात्र साफ चूक, असं कोणी म्हटलं तर तिथून उठा.

माझा कल विचाराल तर, स्टेज तीन, मधलं ऑपरेशन, किडनी चांगली, पेशंट ठणठणीत आणि आत काहीच दिसेनासं झालं किंवा फार तर मोहरीएवढं राहिलं, अशा वेळी मी हायपेक देतो. हरभरे मागे राहिले तर यंत्र सुरूच करत नाही. डच चाचणीत एक सेंटिमीटरपर्यंत मुभा होती, पण माझा हात तिथे आखडतो. हा नियम नाही, माझा स्वभाव म्हणा.

आणि इथेच खरी मेख आहे. हायपेकचं यंत्र विकत घेता येतं, चार तास पडद्याखालचे दाणे एकेक करून सोलायची सवय विकत मिळत नाही. यंत्राची जाहिरात बघून जाल आणि आत नुसतं गर्भाशय, ओव्हऱ्या आणि झालर काढून औषध फिरवलं जाईल, तर पैसेही गेले आणि वेळही. गरम केमो नसलेलं पण पूर्ण झालेलं ऑपरेशन हे गरम केमो असलेल्या अर्धवट ऑपरेशनपेक्षा कधीही बरं. म्हणून सर्जनना भेटाल तेव्हा हायपेकबद्दल नंतर विचारा. आधी हे विचारा, की सीटी स्कॅनमध्ये पडद्याखाली, लिव्हरजवळ, आतड्याच्या मुळाशी काय दिसतंय, आणि ते सगळं काढता येईल असं त्यांना वाटतं का. अशी ऑपरेशनं ते नेहमी करतात का. आतडं कापावं लागलं तर तेच करणार की दुसऱ्या सर्जनना बोलावणार. हायपेक द्यायची की नाही हे पोट उघडल्यावर ठरवणार की आधीच ठरलंय? 'उघडल्यावर बघू' हे उत्तर आलं तर ते टाळाटाळीचं समजू नका, तेच बरोबर उत्तर आहे. संमतीपत्रावर दोन्ही शक्यता लिहून घ्या, आणि स्टोमाचं आईंशी आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी बोला.

तब्येतीच्या बाजूने क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि ऐकू येणं यांकडे लक्ष असू द्या. सिस्प्लॅटिन पोटात ओतलं तरी बरंचसं रक्तात जातं आणि किडनीला भोवतं. त्यासाठी सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात, डच चाचणीत दिलं होतं. तुमच्याकडे देणार का, हा प्रश्न ऐकून डॉक्टर तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतील, पण विचारा. ऑपरेशननंतर एक-दोन दिवस आयसीयू धरून चाला. आईंना त्या आधी तीन आठवडे मिळतायत ना? अंडी, डाळ, दूध, शेंगदाणे, जे पचेल ते पोटात जाऊ द्या आणि रोज अर्धा तास चालवा. केमोने तोंडाची चव गेलेली असते, ताट परत आलं म्हणून रागावू नका, थोडं थोडं चार-पाच वेळा द्या.

खर्च. हायपेकचे पाइप, यंत्राचा वापर, औषध, वाढलेला टेबलावरचा वेळ आणि आयसीयू मिळून बिल लाखांनी चढतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन आणि शिरेतली केमो बसते, पण हायपेक तुमच्या रुग्णालयात कशात बसते ते तिथल्या आरोग्यमित्रांकडून लेखी घ्या. खासगी विमा असेल तर पूर्वमंजुरीच्या पत्रात 'हायपेक' हा शब्द आहे का ते बघा. शेत विकून हायपेक करा असं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पैसे मोजकेच असतील तर ते आधी चांगल्या सर्जनवर, मग उरलेल्या तीन केमो वेळेवर होण्यावर आणि बीआरसीएच्या तपासणीवर खर्च करा.

पोटात औषधाचा फवारा मारायची एक दुर्बिणीची पद्धतही तुमच्या कानावर येईल, पायपॅक नावाची. ती ज्यांचं ऑपरेशन होऊ शकत नाही त्यांच्यासाठी तपासली जातेय. तुमच्या आईंसाठी नाही.

ही बीआरसीएची तपासणी तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणून शेवटी मुद्दाम लिहितो. आईंचं रक्त आजच द्या, रिपोर्टला आठवडे लागतात आणि ऑपरेशननंतरच्या केमो संपेपर्यंत तो हातात हवा, म्हणजे गोळ्यांचा निर्णय वेळेत होईल. रिपोर्टमध्ये दोष निघाला तर तो मुलीकडे किंवा मुलाकडे आलेला असण्याची शक्यता निम्मी असते. तुमचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. आईंची फाइल घेऊन जाल तेव्हा तुमच्या मावशीला, आजीला, आत्याला कोणाला ब्रेस्टचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर होता का हेही एका कागदावर लिहून न्या. आत्या वडिलांकडची असली तरी लिहा.